क्यूबीला २७५ मिलियन आणि त्याच्यासमोर उभं कोण? (बेंगल्सवाले, या इकडे)

मेसनचा_वाघ · सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

आधीच सांगतो, काल आपण, म्हणजे एनएफएलमधली (अमेरिकन फुटबॉलची लीग) सिनसिनाटीची टीम बेंगल्स, जिंकलोय. जॅक्सनव्हिलला ३१-२७. दोन मॅच झाल्या, दोन्ही खिशात, आणि तरी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हे टाइप करतोय कारण वर जाऊन कोणाशी बोलायची इच्छाच नाहीये. आपला क्वार्टरबॅक (क्यूबी) बरो जखमी होऊन गेला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांच्या आर्मस्टेडने आडवा केला, उठला तर डावा पाय टेकवेना, लंगडत बाहेर गेला तो परत आलाच नाही. पायाच्या अंगठ्याचं आहे म्हणतायत. मॅच त्याच्या जागी आलेल्या ब्राउनिंगने काढली, शेवटच्या मिनिटात स्वतः एक यार्ड घुसून, तीन इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) टाकून झाल्यावर. लोक नाचत होते. माझ्या घशाखाली भजी उतरेना.

सध्या बाबा आलेत नाशिकहून. त्यांना हा फुटबॉल नवीन, मागच्या रविवारपर्यंत ते याला ‘हेल्मेटवाली हाणामारी’ म्हणायचे. मी समजावून सांगितलं की हा मागे उभा आहे तो क्वार्टरबॅक, याच्या हातात बॉल येतो, आणि हे पुढचे पाच जाडजूड म्हणजे लाइन (मधला सेंटर, त्याच्या दोन्हीकडे गार्ड, टोकांना टॅकल), यांचं काम एकच, समोरून धावून येणाऱ्यांना तो बॉल फेकेपर्यंत अडवायचं. किती वेळ? अडीच सेकंद. तीन मिळाले तर चैन. बाबांनी मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं आणि प्रत्येक स्नॅपला, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिला की, लावायला लागले. थोड्या वेळाने चष्मा कपाळावर सरकवून मला विचारतात, ‘सगळ्यात महाग माणूस हाच ना, जो सारखा मार खातोय?’

काय उत्तर देणार. हो बाबा. पाच वर्षांचे २७५ मिलियन डॉलर.

जुन्या लोकांना पाठ आहे पण तरी मन मोकळं करतो. २०२० ला ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या पोरांच्या निवडीत) पहिला नंबर देऊन बरोला आणला. त्याच नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला गुडघा फुटला, तोपर्यंत १० मॅचमध्ये ३२ सॅक (बॉल हातात असतानाच पाडलं की सॅक). २०२१ ला ५१, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्या प्लेऑफमध्ये टेनेसीने एका मॅचमध्ये ९ वेळा पाडला आणि तरी हा पठ्ठ्या १९-१६ जिंकून आला, आजही ती मॅच आठवली की हसावं की रडावं कळत नाही. मग सुपर बोल, लीगची फायनल. ७ सॅक. शेवटची फोर्थ अँड वन (चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा), तीन पॉइंटने मागे, आणि रॅम्सच्या अ‍ॅरन डोनाल्डने त्याला धरून गरकन फिरवला, बॉल हवेत कुठेतरी, खेळ खल्लास, २३-२०. २०२२ ला पैसे ओतून कॅपा, कॅरस, कॉलिन्स असे लाइनचे तिघं नवे आणले, सॅक ४१. २०२३ ला मनगट गेलं, तोपर्यंत २४ सॅक. २०२४ ला ४९१८ यार्ड, ४३ टचडाउन, दोन्ही लीगमध्ये एक नंबर, सॅक ४८, आणि प्लेऑफ नाही! प्लेऑफ सोडून करा सॅकची बेरीज. दोनशेला टेकत नाही एवढंच, पण दोनशेच्या दारात उभा होता माणूस या सीझनच्या आधीच.

आणि सगळ्यात जास्त कशाने जळतं माहितीय का, त्या सुपर बोलमध्ये समोरच्या टीमचा लेफ्ट टॅकल कोण होता? व्हिटवर्थ. आपला. ११ सीझन आपल्याकडे काढलेला, २०१७ ला म्हातारा झाला म्हणून जाऊ दिलेला. चाळिशीत चॅम्पियनची रिंग घालून रिटायर झाला, आणि ती घातली आपल्याच छाताडावर उभं राहून.

तर प्रश्न असा. सहावं वर्ष सुरू आहे. लाइनचा कोच बदलून झाला, खेळाडू बदलून झाले, स्टेडियमचं नाव पण बदलून झालं. पाच माणसं उभी करणं एवढं अवघड आहे का? की आम्हीच तेवढे कमनशिबी?

---

क्लीव्हलँडकाका

वाघोबा, आधी सांत्वन घ्या, नंतर टोमणा.

सांत्वन: हे दुखणं कोणालाच चुकलेलं नाही. ह्यूस्टनने २००२ ला नवीन टीम काढली, पहिला नंबर देऊन डेव्हिड कार आणला आणि पहिल्याच वर्षी ७६ वेळा खाली पाडून घेतला. तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. मागच्या वर्षी शिकागोने तोच धडा गिरवला, केलेब विल्यम्स, पहिलं वर्ष, ६८ सॅक. त्यांनी निदान यंदा मधले तिघंच्या तिघं बदलले, दोन्ही गार्ड नि सेंटर. बघू आता काय दिवे लागतात.

टोमणा: पहिल्या मॅचमध्ये आमच्याकडे आलात तेव्हा दुसऱ्या हाफमध्ये तुमच्या अख्ख्या ऑफेन्सने मिळून ७ यार्ड केले. सात. आमच्या वॉलमार्टात भाजीच्या रांगेपासून दुधाच्या फ्रीजपर्यंत जास्त अंतर आहे. तरी १७-१६ जिंकलात कारण आमच्या किकरचा पाय त्या दिवशी सुट्टीवर होता. तेव्हा देवाला नारळ फोडा.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे जो थॉमस होता. लेफ्ट टॅकल. २००७ पासून २०१७ पर्यंत एकही स्नॅप न चुकवता सलग १०३६३ स्नॅप खेळला. असा माणूस पिढीत एक होतो, आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. आणि आम्ही काय केलं? त्याच्या मागे वीसच्या आसपास वेगवेगळे क्वार्टरबॅक उभे करून दाखवले, एकही टिकला नाही. ज्या वर्षी तो थांबला त्या वर्षी आम्ही ०-१६. दाराला गोदरेजचं कुलूप आणि घरात फुटकी कपबशी. तुमच्याकडे उलटं आहे, हिऱ्याची अंगठी आणि दाराला सुतळी. दुःख कोणाचं मोठं हे तुम्हीच ठरवा, मी दोन्ही रविवारी औषध घेऊनच बसतो.

---

आकडेमोड_पुणे

इथे साडेदहाला रात्री मॅच सुरू होते, सकाळी सातला कंपनीची बस. त्यामुळे माझं मत जरा चिडकं असेल, समजून घ्या.

बरोवर सगळ्यांचं प्रेम आहे, माझंही, पण कोणीतरी बोलायलाच पाहिजे. सॅक हा फक्त लाइनचा गुन्हा नसतो हो. बॉल हातात धरून ठेवणं ही पण एक सवय असते. २००९ चा पेटन मॅनिंग बघा, पूर्ण सीझन १० सॅक. त्याची लाइन काय देवांची होती का? स्नॅपच्या आधीच त्याला कळायचं कोण कुठून येणार आणि बॉल सुटलेला असायचा. त्याहून भारी उदाहरण २०२२ चा ब्रेडी, वय ४५, टॅम्पाची लाइन पार मोडलेली, सेंटर सीझनच्या आधीच जखमी, एक गार्ड रिटायर झालेला आणि दुसरा गार्ड कुठे गेला होता सांगा? तोच कॅपा, तुमच्याकडे! तरी ७०० च्या वर पास टाकून ब्रेडी फक्त २२ वेळा पडला. त्याच वर्षी तोच कॅपा पुढे असताना तुमचा ४१ वेळा.

बरोला पंचवीस-तीस यार्ड लांबचा मासा गळाला लावायचाय म्हणून तो थांबतो. थांबतो म्हणून ४३ टचडाउन होतात आणि थांबतो म्हणूनच पडतो. दोन्ही एकाच खिशातून निघतं. लाइन खराब नाही असं म्हणत नाहीये, पण सगळं बिल त्यांच्याच नावावर फाडू नका.

---

मेसनचा_वाघ

@आकडेमोड_पुणे अर्धं मान्य. खरंच अर्धं, रागाने नाही म्हणत. पण ब्रेडीचे ते सगळे पास पाच-सहा यार्डचे होते, टीम ८-९ झाली, प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला घरी. आणि मधून प्रेशर आलं की क्यूबीला जागाच राहत नाही हो. बाजूने टॅकल हरला तर तो एक पाऊल पुढे सरकतो, येणारा मागून निघून जातो. गार्ड हरला तर सरकायचं कुठे, समोरूनच येतोय ना तो. आर्मस्टेड काय टोकाहून धावणारा माणूस आहे का, तो आतला गडी. आणि आमचं दुखणं कायम आतलंच आहे. डावा गार्ड यंदा ड्राफ्टच्या तिसऱ्या राउंडचा रुकी (पहिलंच वर्ष). उजवा गार्ड पहिल्या मॅचला जखमी झाला, त्याच्या जागी आलेला रिझनर सीझनच्या तोंडावर घेतलेला, त्याची आणि सेंटरची ओळखपरेड तरी नीट झाली असेल का.

आणि मार्चमध्ये काय केलं? पास झेलणाऱ्या (रिसीव्हर) चेसला चार वर्षांचे १६१ मिलियन, दुसरा रिसीव्हर हिगिन्सला ११५. दोघंही सोन्यासारखे, मी चेसची जर्सी घालूनच बसलोय. पण अख्ख्या टीमच्या वर्षाच्या पगाराची मर्यादा (कॅप) २७९ मिलियन. ताटात श्रीखंड-पुरी, पण ताट ठेवायला पाट नाही.

---

कोल्हापुरी_रस्सा

पाच बाजीप्रभू पाहिजेत. विषय संपला.

---

क्लीव्हलँडकाका

@कोल्हापुरी_रस्सा मी वाटच बघत होतो कोण पहिलं खिंडीत शिरतंय. अहो बाजीप्रभूंना एकदाच लढायचं होतं. या पोरांना एका मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा, असे सतरा रविवार.

---

फ्रिस्कोची_आई

मी एनएफएल फार बघत नाही पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, कारण माझा मुलगा इथे टेक्सासमध्ये हायस्कूलला लेफ्ट गार्ड खेळतो. हो, देशस्थाचं पोर, वरणभात-तूप खाऊन, आमच्या सासूबाई अजून सगळ्यांना तो ‘फुटबॉलच्या ऑफिसात’ आहे असं काहीतरी सांगतात.

‘पाच माणसं उभी करणं एवढं अवघड का’ हे मी पण त्याला विचारलं होतं, हरलेल्या मॅचनंतर, जरा चुकीच्या वेळी. तो काही बोलला नाही. ओट्यावरचा मिसळणाचा डबा उघडला आणि वाट्या काढून ओळीत मांडल्या. मधे हळद, ती सेंटर. हळदीच्या एका बाजूला जिरं, मग मोहरी, दुसऱ्या बाजूला तिखट आणि धणेपूड. जिरं म्हणजे तो स्वतः, मोहरी त्याच्या शेजारचा टॅकल. समोर दोन लिंबं ठेवली. म्हणाला, आई, एक लिंबू मोहरीच्या समोर, एक माझ्या समोर, बरोबर? आता बघ. स्नॅप झाला की माझ्यासमोरचं लिंबू तिरकं मोहरीवर जाऊन आदळतं आणि मोहरीवालं लिंबू त्याच्या पाठीमागून वळसा घालून माझ्या बाजूने आत शिरतं. आता मी माझ्या लिंबामागे गेलो तर मी आणि मोहरी एकमेकांवर आपटणार आणि मधला रस्ता साफ. मी माझं लिंबू सोडून द्यायचं, मोहरीने ते घ्यायचं, आणि मी जागेवर थांबून दुसऱ्याची वाट बघायची. पण मी सोडलं आणि मोहरीला कळलंच नाही तर? तर ते लिंबू थेट क्यूबीच्या बरगड्यांत. हे सगळं दीड सेकंदात, तोंडातून शब्द न काढता, फक्त खांद्याला खांदा लागला की समजायचं. याला स्टंट म्हणतात म्हणे.

मग म्हणाला, मोहरी या आठवड्यात नवीन होता.

बास. एवढंच. आणि डबा तसाच उघडा टाकून अंघोळीला गेला, जिरं हळदीत सांडलेलं, दोन दिवस माझ्या फोडणीला रंग निराळा.

तेव्हापासून मला एक कळलंय की हे पाच जण म्हणजे पाच नसतात, एकच असतं काहीतरी. चार उत्तम आणि एक नवा असला की पाचही वाईट दिसतात. आणि दर वर्षी दोघं-तिघं बदलले तर ते खांद्याचं कळणं येणार कुठून? शुक्रवारी रात्री त्याच्या बोटांच्या पट्ट्या सिंकमध्ये गरम पाण्याखाली धरून सोडवते मी, सांधे सुजून शेंगांसारखे झालेले असतात. स्टँडमध्ये सगळे पालक क्यूबीचा व्हिडिओ काढतात. आमच्या पोराचं नाव माइकवर फक्त होल्डिंगची पेनल्टी लागली की येतं, तेही चुकीचं उच्चारून.

---

सांगलीचा_डावा_कोपरा

ताईंनी बरोबर नस पकडली. मी कॉलेजला कबड्डी खेळलो, नाव बघा. साखळी धरताना शेजारच्याचा हात पकडलेला असतो तेव्हा त्याचं मनगट घट्ट झालं की आपल्याला कळतं हा आता उडी घेणार. नव्या जोडीदाराबरोबर हे कळायला अर्धा सीझन जातो, आणि तोपर्यंत चढाई करणारा दोघांच्या मधून निघून जातो आणि प्रेक्षक दोघांनाही शिव्या घालतात.

एनएफएलमध्ये आणखी एक गोची आहे. २०११ च्या करारापासून सीझनमध्ये अंगावर पॅड घालून पूर्ण सराव १४ वेळाच करता येतो. खेळाडूंच्या डोक्याच्या, गुडघ्याच्या दृष्टीने चांगलंच झालं, वादच नाही. पण ढकलाढकली हे ढकलूनच शिकायचं काम आहे. रिसीव्हर हाफपँटमध्ये पळून तयार होतो, गार्ड होत नाही. त्यात कॉलेजमध्ये हल्ली बॉल पटकन सोडायचाच खेळ जास्त, तिकडून येणाऱ्या पोरांना मागे सरकत तीन सेकंद माणूस धरून ठेवायची सवय कमी असते. म्हणून सगळीकडेच ओरड आहे, तुमच्याकडे जरा जास्त.

आणि २०२१ चं विसरू नका. ड्राफ्टमध्ये पाचव्या नंबरला चेस घेतला, टॅकल सेवेल सोडला. तेव्हा इथेच किती हाणामाऱ्या झाल्या होत्या.

---

मेसनचा_वाघ

@सांगलीचा_डावा_कोपरा नको ना तो विषय. मी तेव्हा सेवेल-सेवेल करून घसा बसवला होता, मग चेसने पहिल्याच वर्षी सुपर बोलपर्यंत नेलं आणि मी जाहीर माफी मागितली. आता सेवेल डेट्रॉइटला दोन वर्षं लागोपाठ ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत). माझं खरं भांडण चेसवरून नाहीच. भांडण दुसऱ्या राउंडवरून आहे. चेस घेतलात ना, छान, मग पुढचा नंबर तरी चोख लाइनमनवर लावा, तिथे अजून खाली सरकून जो घेतला तो टिकला नाही, मग चौथ्या राउंडचा, मग दुसऱ्या टीमने सोडलेला, मग सीझनच्या तोंडावर मिळेल तो. गेल्या वर्षी पहिल्या राउंडला टॅकल मिम्स घेतला, पोरगं भिंतीएवढं आहे, आवडतं मला. पण भिंत एका बाजूला बांधून घर होत नाही.

@फ्रिस्कोची_आई ताई, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि डबा मागितला. बायको म्हणाली हळद सांडली तर दोघंही बाहेर जेवा.

---

आकडेमोड_पुणे

बरोची बातमी आली. सर्जरी होणार, कमीत कमी तीन महिने. काल तिरकं बोललो त्याबद्दल सॉरी. मत तेच आहे पण सॉरी.

---

मेसनचा_वाघ · सोमवार, २२ सप्टेंबर

मिनेसोटा बघितलं असेलच. ४८-१० हरलो. यावर मी काही लिहिणार नाही, अ‍ॅडमिन मला काढून टाकतील.

पण एक गंमत झाली. बाबा आता बॉल बघतच नाहीत. स्नॅप झाला की सगळं घर बॉलकडे आणि बाबा एकटे मधल्या पाचांकडे. ‘पंच्याहत्तर नंबर दमलाय रे’ म्हणतात आणि पुढच्या खेळाला तो लेफ्ट टॅकल ब्राउन खरंच मागे पडलेला असतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्कोर बघून मी टीव्ही बंद करायला उठलो तर म्हणाले, राहू दे, त्या नव्या पोराला शेवटपर्यंत बघू, आता जमायला लागलंय त्याला. नवा पोरगा म्हणजे फेअरचाइल्ड, डावा गार्ड. ताई, तुमचं जिरं.

५ ऑक्टोबरला डेट्रॉइट येतंय आपल्याकडे. बाबांची परतीची फ्लाइट त्याच्या पुढच्या आठवड्यात. ‘तो तुम्ही घेतला नाही तो येणार का’ एवढं विचारलं, येणार म्हटल्यावर स्वतःहून म्हणाले तिकीट काढ. काढली दोन, वरच्या मजल्यावरची, टोकाच्या बाजूची, तिथून लाइन सरळ समोर दिसते म्हणतात. कोणी बसलंय का तिकडे? आणि बाबांची कापडी पिशवी आत सोडतील का, की पारदर्शकच लागते?

---

क्लीव्हलँडकाका

पारदर्शकच लागते, सगळ्याच स्टेडियमला. पिशवी गाडीत ठेवायला सांगा. आणि स्वेटर न्या, वर वारा असतो.